ओट्यापाशी बसून ऐकलेली मॅच

“पोरी, तू आतच थांब. तू भाईर आली की आपली विकेट जाती.” लग्न होऊन मी मंचरला आले, त्या वर्षी सासरे हसत म्हणाले होते. तेव्हापासून भारताची प्रत्येक मॅच मी स्वयंपाकघरातून ऐकत आलेय.

आज दुपारी सेमीफायनल होती. सासरे आता नाहीत. नवरा ऊस घेऊन पारगावला कारखान्यावर गेलेला. घरात मी एकटीच, टीव्हीसमोर पाय पसरून बसता आलं असतं. मी आवाज मोठा केला आणि ओट्यापाशी लसूण सोलत बसले.

शेवटच्या ओव्हरला नवऱ्याचा फोन आला.

“कुठंय तू?”

“आतच.”

“मग आता हलू नको. हितं सगळे ड्रायव्हर तुझ्या भरवशावर हायेत.”

जिंकलो. मी बाहेर आले, तोवर टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती.

सोमवारचा उपवास करणं मी कधीच सोडलं, तसं देवाला सांगूनही टाकलं. हे मात्र सुटत नाही. मला बाहेर बसू देत नाहीत, की मीच बसत नाही? आणि त्या फोननं मला इतकं बरं का वाटलं? खरंच कळत नाहीये. तुमच्याकडेही कोणी असं आत बसतं का?

अहो, कारखान्यावरून आल्यावर तुम्ही हे वाचालच. नाहीच म्हणाल, तेही माहीत आहे. तरी विचारते, रविवारी फायनलला मला तुमच्या शेजारी बसू द्या. हरलो तरी.