घोडमुळ्याच्या गावचे काका

“नाकात गेलं ना बाप्पा? आता रडा. लाजू नका, इथं सगळेच रडतात.”

आम्ही नवरा-बायको त्या गावात राहायला गेलो, त्या पहिल्याच संध्याकाळी काका मला हे म्हणाले. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो होतो. त्यांनी पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं आणि लगेच एका बशीत पांढरा, ओलसर कीस पुढे केला. खोबरं असेल म्हणून मी चमचाभर तोंडात टाकला. मोहरी फेसून तिची तपकीर ओढावी तसं काहीतरी नाकातून थेट टाळूपर्यंत गेलं. काका गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, माझ्या तोंडाकडे बघत होते. दिलेलं औषध लागू पडतंय का हे डॉक्टर बघतो तसे.

“अहो, आल्या आल्या काय छळता त्यांना!” काकू ओट्यापासून म्हणाल्या.

“छळून नाही राहिलो. गावाची ओळख करून देऊन राहिलो.”

ते हॉर्सरॅडिश होतं, नाकात झिणझिण्या आणणारं एक पांढरं मूळ. काका त्याला ‘घोडमुळा’ म्हणत, आणि हा शब्द आपण मराठीला दिला याचा त्यांना फार अभिमान होता.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं ते छोटं शहर, आजूबाजूला नजर पोचेल तिथपर्यंत मका. पण नदीकाठच्या काळ्या मातीत हा मुळा असा काही यायचा की गावानं स्वतःला सरळ ‘घोडमुळ्याची जागतिक राजधानी’ करून टाकलं होतं. गावात शिरतानाच तशी पाटी होती. हायस्कूलच्या फुटबॉल टीमच्या हेल्मेटवर मुळा, बेकरीच्या काचेवर मुळा, पोलिसांच्या गाडीवरसुद्धा मुळा. बाटल्या भरायच्या कारखान्याकडून वारा सुटला की दोरीवरचे कपडे झोंबायचे. गावातली माणसं या सगळ्याला जरा हसत आणि बाहेरचा कुणी हसला की गंभीर होत. तुम्ही अशी गावं पाहिली असतील. सांगलीला हळदीबद्दल बोलून बघा.

काका नागपूरचे. साठच्या दशकात शिकायला आले, इथल्या पंपांच्या कारखान्यात चिकटले आणि चढत चढत प्रॉडक्शनचे मुख्य झाले. मी त्याच कारखान्यात डिझाइनला लागलो होतो. गावात मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. काकूंना गाव कधीच आवडलं नाही. कढीपत्त्यासाठी शिकागोपर्यंत ड्राइव्ह करावं लागतं तिथं माणसानं का राहावं, हा त्यांचा साधा प्रश्न होता. काकांचं उत्तर ठरलेलं असे. “नागपुरात तरी सगळं कुठं मिळत होतं बाप्पा?”

आता गावच्या सँडविचबद्दल. गावाचं दुसरं दैवत म्हणजे डुकराच्या मांसाचा तुकडा, पोळीएवढा थापून तळलेला. तो इवल्याशा बनमध्ये घालून देत. बन मध्यभागी आणि मांस चारी बाजूंनी बाहेर. हवालदाराच्या डोक्यावर बाळाचं टोपडं ठेवावं तसं ते दिसे. वर घोडमुळ्याचा कीस. गावातल्या जुन्या डायनरमध्ये दुपारी अर्धा कारखाना हे खायला लोटायचा. काका पक्के शाकाहारी. ते त्याच गर्दीत, त्याच काउंटरवर बसून नुसता बन, कांदा आणि घोडमुळा खात. डायनरच्या मालकिणीला, अर्माला, याचा राग येई. माझ्याकडे येऊन माणूस अर्धपोटी जातो म्हणजे काय, असं तिचं म्हणणं.

मग एका रविवारी काका बेसनाची पिशवी घेऊन तिच्या स्वयंपाकघरात शिरले. बटाटे उकडले, मिरची-आलं वाटून घातलं, त्यात घोडमुळाही किसला, आणि तो आलूबोंडा हातानं थापून ताटलीएवढा केला. बोंडा गोल न राहता चपटा झाला, पण बनच्या बाहेर चारी बाजूंनी ऐटीत लोंबला. पहिला घास घेतला वॉल्टरनं.

वॉल्टर हा काकांचा शेजारी आणि मशीन शॉपचा फोरमन. अंगानं दरवाजाएवढा, बोलणं मोजकं. त्यानं अख्खा बोंडा संपवला, बोटं पुसली आणि म्हणाला, “हे फळ्यावर लिही, अर्मा.”

पदार्थाला नाव काय द्यायचं? काका म्हणाले, नागपूर. अर्मानं दोन-तीनदा म्हणून पाहिलं, जीभ वळेना. तिच्या शाळेतल्या जुन्या नकाशावर ‘पूना’ होतं, ते तिला आठवत होतं. तिनं फळ्यावर तेच लिहिलं.

मी पुण्याचा. मला किती आनंद झाला असेल याची कल्पना करा. एका नागपूरकरानं आलूबोंडा करावा आणि त्याला अमेरिकेत पुण्याचं नाव मिळावं! काका पुढं कितीतरी दिवस कुरकुरत होते. “तुम्ही पुण्याचे लोक काही न करता नाव घेऊन जाता.” पण काउंटरवरून कुणी ओरडलं, “एक पूना, कांदा जास्त!” की ते वळून माझ्याकडे बघत, आणि त्यांना हसू आवरत नसे.

जूनमध्ये गावाचा उत्सव असायचा. मुळा लांब फेकायची शर्यत, मुळा किसायची शर्यत, आणि मिरवणुकीच्या पुढं एक माणूसभर उंचीचा चालता मुळा. तपकिरी फोमचा झगा, डोक्यावर हिरवी पानं. त्या झग्यात दरवर्षी काका असत. एकदा गावच्या कुणीतरी ऐनवेळी कॅन्सल केलं म्हणून ते आत शिरले आणि नंतर दुसऱ्या कुणाचा विचारच झाला नाही. “नुसतं चालून नाही होत,” ते मला समजावून सांगत. “पानं हलली पाहिजेत. मान अशी टाकायची.” आणि ऑफिसात, ड्रॉइंग बोर्डासमोर, टाय लावलेल्या अवस्थेत ते मान टाकून दाखवत. लहान मुलं त्यांना मिठी मारायला धावत. काकू मात्र त्या दिवशी घरातून बाहेर पडत नसत. माहेरी फोटो पाठवायची त्यांनी सक्त मनाई केली होती.

पुढं शेतीचे दिवस वाईट आले. शेतकरी पंप घेईनात. कारखान्यात एक पाळी बंद झाली, मग दुसरी. एका सोमवारी आम्हाला कँटीनमध्ये बोलावून सांगितलं की कारखाना बंद होणार आणि सगळी मशीनं दक्षिणेला, जॉर्जियातल्या नव्या प्लँटमध्ये जाणार. त्यांच्यासोबत मोजकी माणसं. त्यात काका होते. मशीनं उतरवायची, पाठवायची आणि तिकडं पुन्हा उभी करायची ही जबाबदारी त्यांच्यावर होती.

मोठ्या ऑफिसचा बेत असा होता की हे काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचं. काका त्यावर भांडले. मी त्यांना एरवी कधी वरच्यांशी भांडताना पाहिलं नव्हतं. आपल्याच माणसांना हे काम द्या, त्यांना मशीनं ठाऊक आहेत, असं त्यांनी लावून धरलं आणि मिळवलंही. त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले, चेहरा उजळलेला. “पोट्ट्यांचा हिवाळा तरी निघून जाईल,” म्हणाले.

हिवाळा निघून गेला. माणसं आपली मशीनं आपल्याच हातानं खोलत होती, तेल पुसून भुशाच्या पेट्यांत बसवत होती. शॉपमध्ये पूर्वी रेडिओ चालायचा, तो कुणी लावेना. काका सगळ्यांना नावानं हाक मारत फिरत. उत्तरं मिळत, पण जेवढ्यास तेवढी.

शेवटची मोठी लेथ पेटीत गेली तेव्हा मी तिथं होतो. वॉल्टर रंगाचा ब्रश घेऊन पेटीवर जॉर्जियाचा पत्ता लिहीत होता. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “छान काम झालं, वॉल्टर.”

वॉल्टरनं खांदा काढून घेतला. ब्रश डब्यात ठेवला.

“मशीन खोलायला लावलंस, ते एक वेळ समजलो,” तो म्हणाला. “पण ते कुठं चाललंय, हेसुद्धा आमच्याच हातानं लिहायला लावलंस.”

वॉल्टर हात पुसत निघून गेला. घरी जाताना गाडीत काका म्हणाले, “मला वाटलं, घरचं माणूस गेलं तर शेवटी घरच्यांनीच उचलावं. परक्यांनी कशाला हात लावायचा?” थोड्या वेळानं स्वतःशीच, “पण त्यांना विचारायला पाहिजे होतं. मी विचारलंच नाही यार कुणाला.”

त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही, आणि वॉल्टरचं चुकलं असंही म्हणता येत नाही. एकानं माया केली आणि दुसऱ्याला ती सोसली नाही, इतकंच झालं.

त्यानंतर डायनरमध्ये काका शिरले की काउंटरवरचं बोलणं थांबायचं. वाईट कुणी बोललं नाही; त्या गावाची ती रीत नव्हती. फक्त शेजारची खुर्ची रिकामी राहायची. वसंतात एके दिवशी आम्ही दोघं गेलो तर फळ्यावरून ‘पूना’ पुसलेलं. अर्मा काउंटर पुसत जवळ आली. तिला काकांकडे बघवेना. “कुणी मागतच नाही रे,” ती म्हणाली. “बटाटे सडतात.”

“बरोबर आहे तिचं,” काका मला मराठीत म्हणाले. “आलू सडतात.” मग तिला म्हणाले, “मला आपलं जुनंच दे. बन आणि कांदा.” अर्मानं ते आणून दिलं आणि आत निघून गेली.

जून आला. यंदा झग्यासाठी त्यांना बोलावणं आलं नाही. मिरवणुकीच्या दिवशी काका बँकेच्या कोपऱ्यावर गर्दीत उभे होते, आणि त्यांच्या शेजारी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काकू. मुळा आला. आत कुणीतरी तरुण मुलगा असावा. तो हात हलवत ताडताड चालत गेला. काका शेवटपर्यंत बघत होते. “घाई करून राहिला,” ते म्हणाले. “पानं हलतच नाहीत.”

काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं. “चला घरी,” त्या म्हणाल्या. ज्या गावातून निघायला त्या वीस वर्षं टपल्या होत्या, तिथून त्या दिवशी त्यांचा पाय निघत नव्हता, असं माझ्या बायकोला वाटलं.

उन्हाळ्यात ते दोघं जॉर्जियाला राहायला गेले. वॉल्टरच्या घराचे पडदे ओढलेले होते. मलाही नोकरी शोधणं भाग होतं. मी कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला आलो. दोनेक वर्षांनी कामानिमित्त जॉर्जियात अटलांटाला गेलो तेव्हा जवळच अल्फारेटाला त्यांच्या घरी उतरलो. मोठं घर, पुढं हिरवळ, आसपास मराठी मंडळी, काकूंच्या फ्रीजमध्ये ताजा कढीपत्ता. संध्याकाळी चार लोक जेवायला आले. कुणीतरी काकांना सहज विचारलं, “याआधी कुठं होतात?”

“वर, उत्तरेला,” काका म्हणाले आणि त्यांनी वरणाचं भांडं पुढं सरकवलं. मी वाट बघत होतो की आता घोडमुळा निघेल, झगा निघेल, आलूबोंडा निघेल. जेवणं झाली, पानसुपारी झाली. काही निघालं नाही.

त्यानंतरच्या वसंतात काका गेले. बागेत काम करताना खाली बसले, ते उठलेच नाहीत. मला जाता आलं नाही. फोनवर काय बोलायचं ते बोललो.

महिनाभरानं काकूंचाच फोन आला. आवाज जरा वेगळा होता.

“वॉल्टर येऊन गेला रे.”

त्याला कुणी कळवलं नव्हतं. तो आपला बायकोला माहेरी सोडून, दीड दिवस ड्राइव्ह करून दारात उभा राहिला. हातात टोपी. काकांना भेटायचंय, म्हणाला. काकूंनी सांगितलं तेव्हा तो उंबऱ्यातच थांबला; आत ये म्हटलं तरी पाय टाकेना. शेवटी बसला. चहा घेतला. त्यांचा फोटो बघितला. माझं यायचं केव्हापासून मनात होतं, एवढंच म्हणाला, तेही दोनदा.

“मी त्याला सांगितलं, ते तुझी फार आठवण काढायचे,” काकू म्हणाल्या. “आता काय सांगू तुला? इथं आल्यापासून एकदासुद्धा नाव घेतलं नव्हतं त्यांनी. मी काढलं तर उठून जायचे.”

त्यांचं सांगून संपलं नव्हतं.

“मग तो निघाला. मी दार लावून आत आले. गाडीचा आवाज येईना म्हणून खिडकीतून पाहिलं, तर हा तिथंच उभा, हिरवळीकडे बघत. ते गेल्यापासून गवत कापलेलंच नव्हतं रे, गुडघ्याला लागत होतं. त्यानं गॅरेज उघडलं, मशीन काढलं आणि कापायला लागला. इथलं ऊन तुला माहीत आहे. पुढचं झालं, मग मागचं झालं, मग कडा बसून हातानं काढल्या. शर्ट अंगाला चिकटला होता. मी सरबत करून बाहेर आले, तोवर मशीन धुऊन जागेवर ठेवलं होतं त्यानं. गाडी वळणावर गेली होती.”