घरचं दावं
काल माहेरचा गोठा झाडताना खुंटीवरचं जुनं दावं हाताला लागलं, आणि शेण-पेंडीचा तो आंबूस वास नाकात शिरल्याबरोबर कडेगावच्या आमच्या दारात उभा राहिलेला टेंपो आठवला. आटलेली म्हैस विकली होती, पण ती फळीवर पायच ठेवेना. व्यापाऱ्यानं शेपटी पिरगाळली, पाठीवर काठ्या घातल्या, तोंडाला फेस आला तरी ती जागची हलेना. शेवटी वडलांनी आईला हाक मारली, "आगं, तू चढ पुढं. तुज्या मागं येती ती." आईशिवाय कुणाला ती कासेला हात लावू देत नसे. आई पदरात भाकरी घेऊन टेंपोत चढली, "ये गं बाय" म्हणाली, आणि म्हैस मुकाट मागोमाग गेली. व्यापारी हसला, "वैनी, लय इस्वास हाय की तिचा!" त्यानं आपली दोरी बांधली, वडलांनी आपलं दावं सोडून घेतलं, विकलेल्या जनावराबरोबर दावं देत नाहीत आमच्याकडं. "घरचं घरातच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आई खाली उतरली तेव्हा द्यायची राहिलेली भाकरी तशीच तिच्या पदरात होती. परवा आई वृद्धाश्रमाच्या गाडीत बसेना, तेव्हा भावानं मला साताऱ्याहून बोलावून घेतलं, "तू बस आधी, ताई. तुझ्या मागं येईल ती." मी बसले. आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं, कमरेच्या किल्ल्या सोडून भावाच्या हातात दिल्या आणि गाडीत चढता चढता म्हणाली, "घरचं घरातच ऱ्हाऊ दे."