किशनरावांच्या सात ओळी

किशनराव लातूर डेपोला कंडक्टर होते. माणूस लई गोड बोलायचा. जागेवरून भांडणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या मधी स्वतः बसायचा, एकाला तंबाखू द्यायचा, दुसऱ्याला चुना. औसा येईपर्यंत दोघं सोयरीक जुळवायला लागायचे. गोड बोलणाऱ्यापासून चार हात लांब राहा, असं माझी अम्मी सांगायची. मी ऐकलं न्हाई. भोगतो आता.

मी खाजा. गंजगोलाईच्या मागं माझं बाइंडिंगचं दुकान हाय. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात माझी धाकटी बहीण सादिया दोन दिवस माहेरी आली होती. तिचं सासर औशाच्या पुढं, किल्लारीच्या अंगाला. जायच्या दिवशी म्हणाली, "भाई, स्टँडपर्यंत चल की." तवा लातुरात क्लासचं पेव फुटायला लागलं होतं, दुकानात नोट्सचा ढीग पडलेला. मी मान वर न करता बोललो, "काम दिसत न्हाई का? जा तू." ती गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. तिच्या घरातलं कुणीच उरलं न्हाई.

ती रुसून गेली का, एवढी एकच गोष्ट मला खात राहिली. दोन महिने मी कुणाशी धड बोललो न्हाई. त्यात किशनराव त्यांच्या लेकीच्या, तनुजाच्या वह्या बांधून घ्यायला आले. ओळख ना पाळख, पण त्यांच्यापुढं सगळं बोलून गेलो. तिच्या ओढणीचा लिंबाचा रंगसुद्धा सांगितला असणार. ते ऐकत राहिले, मग हळूच म्हणाले, "खाजाभाई, त्या दिवशी त्या गाडीवर मीच होतो. लिंबाच्या रंगाची ओढणी ना? ड्रायव्हरच्या मागं बसली होती. उतरताना म्हणाली, गंजगोलाईत माझ्या भावाचं दुकान हाय. जेवल्याबिगर काम करत जाऊ नको म्हणावं."

मी खळीच्या डब्यावर डोकं टेकून रडलो. त्या दिवशी दोन महिन्यांनी पोटभर जेवलो.

मग सादियाचं सगळं लिहून ठेवायचं मनात घेतलं. विसरायच्या आत. रोज दोन तास लिहीन, ईदपर्यंत पुस्तक पुरं करीन, असं ठरवलं. वहीसुद्धा स्वतः शिवली, आठ-आठ पानांचे फर्मे घालून. चार दिवस लिहिलं, पाचव्या दिवशी बोट उचलंना. किशनराव हसले. म्हणाले, "ड्रायव्हर लातुरातून निघताना नांदेडचा घोर करत न्हाई, पुढचा थांबा बघतो. रोज सात ओळी लिहा. एक दिवस सुट्टी घ्या. अन् एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चौदा लिहायच्या न्हाईत. चुकलेली गाडी चुकली, उद्या दोन गाड्यांत बसता येत न्हाई."

त्यांनी जुना तिकिटाचा पंच आणला. मंगळवारी त्यांची सुट्टी. त्या दिवशी ते माझ्या वहीच्या कोपऱ्यावर पंच मारायचे, मी त्यांच्या वहीवर. तेही रोज सात ओळी लिहायचे. "रोजच्या गाडीचं लिहितो," म्हणायचे, "त्यात त्या दिवशीचंबी हाय, तुमच्या बहिणीचं. शेवटी एकदमच वाचा." तोवर वाचायचं न्हाई, अशी शर्त होती. कंडक्टर तिकीट बघतो, पिशवीत काय हाय ते बघत न्हाई. मी पंधरा वर्षं न वाचता पंच मारला. माझ्या वहीचं पहिलं पान तर त्यांनी सांगितलेल्या निरोपाचंच होतं.

दोन हजार आठ साली ते रिटायर झाले. नांदेडला तनुजाकडं राहायला जायचं ठरलं. तिला आमच्या शर्तीतलं काही माहीत नव्हतं. वडलांच्या सगळ्या वह्या तिनं माझ्यापुढं ठेवल्या, एक्याण्णवपासूनच्या. "खाजाचाचा, पप्पांना कळू देऊ नका. एकात बांधून द्या, त्यांना आनंद होईल." बांधायचं म्हटलं की तारखा लावाव्याच लागतात. सादिया कुठंच नव्हती. गाडीचा नंबर, थांबे, पंक्चर, आजारी पडलेला ड्रायव्हर, रोज सात ओळी. मग त्र्याण्णवची वही हाती आली. एकोणतीस सप्टेंबर: लातूर ते मुखेड, मुक्काम मुखेड.

सादिया गेली त्या दिवशी औशाच्या वाटेवर ते नव्हतेच. मुखेड पार दुसऱ्या दिशेला.

मंगळवारी आले, पंच खिशात घालून. मी वही पुढं सरकवली. "वाचा."

त्यांनी वाचलं. खाली बसले. "तुम्ही मेल्यासारखे दिसत होता, खाजाभाई. काहीतरी बोलावं म्हणून बोललो. मग तुम्ही लिहायलाच लागलात. कोणत्या तोंडानं सांगू?"

"पंधरा वर्षं होती, किशनराव."

"रोज ठरवायचो. पुढच्या मंगळवारी सांगू."

"मला सात ओळींचा नेम शिकवलात, अन् तुम्हाला एक ओळ खरी बोलता आली न्हाई?"

ते उठले. पंच गल्ल्यावर ठेवून गेले. मी थांबवलं न्हाई. माझ्यावर दया केली म्हणे. मरू दे तसली दया. माझ्या बहिणीच्या तोंडात शब्द घालायचा हक्क ह्यांना कुणी दिला?

मग माझी पहिली वही काढली. ते पहिलं पान उपटायचं म्हणून दोरा कापला. पण शिवलेल्या वहीत पान एकटं नसतं, दुमडलेल्या कागदाचं ते अर्धं असतं. फर्म्याचं पहिलं पान काढलं की आठवंही सुटतं. आठव्यावर लिहिलं होतं, सादिया लहानपणी मैद्याची खळ बोटानं चाटायची, अन् अम्मीनं पकडलं की माझं नाव पुढं करायची. ते खरं हाय, त्यापायी मी मार खाल्लाय. कागद होता तसा परत शिवला.

किशनराव नांदेडला गेले. मी अजून रोज सात ओळी लिहितो. त्या माणसाची ती शिकवण तेवढी खरी निघाली, ह्याचाच जास्त संताप येतो. सादिया रुसून गेली का, ते आता कुणीच सांगणार न्हाई. दुपारी माझी बायको मुबश्शिरा आतून हाक मारती, "जेवून घ्या, मग करा काम." पंधरा वर्षं ती हाक आली की मला बहीण आठवायची. आता कंडक्टर आठवतो.