मी एक रायफल शिवली होती

परवा इथे लंडनमध्ये, इल्फर्डच्या पोस्ट ऑफिसात रांगेत उभी होते. काउंटरवरच्या मुलीने पुढच्या बाईंना विचारलं, "पार्सलमध्ये काय आहे?" आणि मला एकदम ग्लासगो आठवलं... आणि मी शिवलेली रायफल.

हो, शिवलेली. सांगते.

मास्टर्सच्या वर्षी मी मिसेस मॅके यांच्या घरी भाड्याने राहत होते. फोनकार्ड खरवडून घरी बोलायचे दिवस होते ते. त्याच हिवाळ्यात त्यांचे यजमान अ‍ॅलिस्टर गेले. चाळीस वर्षं दर शनिवारी क्लबात जाऊन नेमबाजी करणारा माणूस. त्यांची रायफल जिन्याखालच्या लोखंडी कपाटात होती.

मिसेस मॅके यांच्याकडे स्वतःचं लायसन्स नव्हतं. रायफल विकली जाईपर्यंत ती घरात ठेवायचं परमिट पोलिसांनी त्यांना दिलं होतं. त्यांची एकच अट होती... शोभेला ठेवणारा नको, वापरणारा हवा. शेवटी वेल्समधली अ‍ॅन नावाची एक शिक्षिका मिळाली. नवीन नेमबाज, लायसन्स होतं, त्यावर याच प्रकारच्या रायफलची परवानगीही होती.

पण रविवारी तिची पहिली मॅच होती. तोवर रायफल पोचली नाही, तर ती क्लबमधली दुसरी घेणार होती. मग उरलं असतं एकच गिऱ्हाईक. त्याला ती फायरप्लेसवर टांगायची होती! मिसेस मॅके त्याचं नाव काढलं तरी चहा जोरजोरात ढवळायच्या.

बंदुकांच्या दुकानाचे मालक डंकन फोनवर म्हणाले, मंगळवारी रायफल घेऊन या. परवाना असलेल्या कुरियरची गाडी बाराला येते. त्यानंतरची थेट पुढच्या मंगळवारी.

पॅकिंग मी करते, असं मी उत्साहाने सांगून टाकलं. ते तर माझ्या घरचंच काम! माझे बाबा कोल्हापुरात पोस्टाबाहेर बसून पार्सलं शिवतात. मांजरपाट, दाभण, लाखेचं सील... त्यावरच मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. बाबांचा नियम होता, टाके जवळजवळ घालायचे, पत्ता मोठ्या अक्षरात लिहायचा आणि आत काय आहे ते खरं खरं लिहायचं.

मला एकटीला रायफलला हात लावायची परवानगी नव्हती, म्हणून मिसेस मॅके समोर खुर्ची टाकून बसल्या. जुनी पांढरी चादर फाडून मी दुहेरी दोऱ्याने ती अख्खी रायफल शिवली. वर ठळक मार्करने अ‍ॅनचं नाव, पत्ता आणि खाली... 'रायफल. काळजीपूर्वक हाताळा.'

मंगळवारी अकरा वाजता ते गाठोडं दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. डंकननी ते फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"पोरी," ते म्हणाले, "खाली 'कृपया चोरून न्या' एवढंच लिहायचं राहिलंय बघ."

माझे कान गरम झाले. मग त्यांनी नीट समजावलं. रायफल थेट अ‍ॅनच्या घरी जातच नाही. ती या दुकानातून तिच्या गावच्या परवानाधारक दुकानात जाते आणि तिथे अ‍ॅन स्वतः लायसन्स दाखवून ती ताब्यात घेते. खोक्यावर आत काय आहे याचा मागमूसही नको. शिवाय रायफल रिकामी आहे ना ते बघायचं, तिच्यावरचा नंबर कागदांशी ताडायचा आणि बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, काढून वेगळा पाठवायचा. म्हणजे सगळं उसवायचं!

खरं काय ते इथेही लिहायचंच होतं... पण दुकानाच्या रजिस्टरमध्ये, पार्सलवर नाही.

बाबांचे टाके असे सहज उसवत नाहीत हो. मी एका टोकाने, मिसेस मॅके पर्समधली नखं कापायची कात्री घेऊन दुसऱ्या टोकाने. घड्याळ पुढे पळत होतं. माझ्या हुशारीपायी रायफल शेवटी कुणाच्या तरी भिंतीवर लटकणार...

"अ‍ॅलिस्टरलासुद्धा मी कधी इतकं घट्ट पांघरूण घातलं नाही," मिसेस मॅके म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

बाराला पाच कमी असताना शेवटचा टाका निघाला. गाडी दारात थांबली, तोवर नंबर ताडून झाला होता. डंकननी ड्रायव्हरला थांबवून ठेवलं. साधं तपकिरी खोकं, सह्या, पावती. गाडी वळणाआड गेली तरी मिसेस मॅके फुटपाथवरच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "चल, आता पोलिसांना विक्रीचं पत्र लिहायचंय." तेही त्याच दिवशी टाकलं.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसून हसून खोकायला लागले. "अगं, मी आयुष्यभर लोणची आणि पापड शिवले. तू पहिल्याच फटक्यात बंदूक?"

पुढच्या आठवड्यात अ‍ॅनचं पाकीट आलं. मॅचमध्ये ती शेवटून तिसरी आली होती. सोबत नेमबाजीचं कागदी टार्गेट होतं, त्यावरची सगळी भोकं मधल्या वर्तुळाच्या डावीकडे. मिसेस मॅकेंनी चष्मा लावून ते बराच वेळ न्याहाळलं. "डावीकडे ओढतेय. अ‍ॅलिस्टरही पहिल्या वर्षी असाच मारायचा."

आणि त्यांनी तिला फोन लावला. अ‍ॅलिस्टर गेल्यापासून ज्या त्यांचा विषय निघाला की खोली सोडून जायच्या, त्या बाई पाऊण तास त्यांच्या चुका रंगवून सांगत होत्या... मी स्वयंपाकघराच्या दारात ओली प्लेट हातात घेऊन ऐकत राहिले.

परक्या देशात मला असं घर मिळालं, याचे आभार मी त्यांना कधी नीट बोलून दाखवले नाहीत. आज लिहिते आहे.