भिंतीतून जाणाऱ्या इडाची रेघ

वर्ना कोवाल्चिकला रेघ ओढताना पाहिलं की माझी बोलती बंद व्हायची. आणि माझी बोलती बंद होणं ही काही साधी गोष्ट नाही, क्लीव्हलंडमधल्या कुठल्याही कॉमिकवाल्याला विचारा.

मी पेन्सिलीने चित्रं काढायचो, गोष्टही माझीच असायची. वर्ना त्या पेन्सिलीच्या रेघांवर ब्रशने शाई फिरवायची. छापली जायची ती शाई, माझी पेन्सिल रबराने पुसली जायची. म्हणजे इतकी वर्षं वाचकांनी जे पाहिलं ते तिच्या हातचं, आणि मुखपृष्ठावर मोठं नाव मात्र माझं. मीच कधी तो विषय काढला तर म्हणायची, "असू दे रे मोठं. टक्कल झाकायला काहीतरी हवंच तुला."

आमच्या गोष्टीत एक विषाणू शहरात पसरतो. लोकांना ताप येतो आणि तापातून उठलेली माणसं बदललेली असतात. कुणी उडायला लागतं, कुणाच्या बोटांतून वीज निघते. आमची नायिका इडा सतत थरथरते, इतकी की भिंतीच्या आरपार जाते. मी मोठ्या थाटात हे सांगितलं तेव्हा वर्नाने विचारलं, "आणि खुर्चीवर बसते कशी?" त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

पण इडात जीव घातला तो तिनेच. बाकी सगळ्यांची रेघ सरळ, इडाची तेवढी बारीक बारीक लाटांची. पान उघडलं की पोरगी खरंच थरथरतेय असं वाटायचं. मी एकदा विचारलं, "एवढा हात हलवतेस कसा?"

"हलवायचा नाहीच. थरथर काढायची तर हात सगळ्यात स्थिर लागतो. हलणाऱ्या हाताने नुसते डाग पडतात."

मग तिचा हात खरोखरच हलायला लागला. आधी कॉफीचा कप, मग कोटाची बटणं. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं आणि गोळ्या दिल्या. सकाळची गोळी घेतली की थोडा वेळ हात शांत राहायचा, तेवढ्यात ती काम उरकायची. कोपर टेबलाला टेकवायची, श्वास सोडता सोडता रेघ ओढायची, वळण आलं की मनगटाऐवजी कागद फिरवायची. तरी पानं उशिरा जायला लागली आणि कडांना डाग दिसायला लागले.

शेवटच्या अंकाच्या वेळी मी तिच्या स्वयंपाकघरात बसलो असताना न्यूयॉर्कहून आमचा संपादक लाइल याचा फोन आला. तिने तो मलाही ऐकू येईल असा ठेवला.

"बाई, इडा बरी होते आणि शेवटच्या पानावर तिची रेघ पहिल्यांदा सरळ होते. सगळा अंक त्या एका रेघेवर उभा आहे. ते पान दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का? तुमच्या हाताला त्रास नको."

"हाताला विचारून सांगते," वर्ना म्हणाली. मग थट्टा सोडून म्हणाली, "इडाची पहिली रेघ माझी आहे, लाइल. शेवटचीही मीच ओढणार. बिघडली तर खुशाल दुसऱ्याला दे."

लाइलने तेवढी एक संधी दिली.

शेवटचं पान असं होतं: लस घेतलेली इडा घराच्या दारात उभी, समोर दार उघडून आई. मी इडाची कड जमेल तितकी स्वच्छ काढली आणि खाली लिहिलं, "इडा आता बरी झाली होती." लिहिताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

पान घेऊन मी सकाळीच गेलो. वर्नाने गोळी घेतली होती, शेगडीवर पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकळत होते. ती म्हणाली, "जा, अंगणातला बर्फ काढ. तू असा डोळे लावून बसलास की मला वाटतं चर्चमध्ये उभी आहे."

मी बर्फ काढला, शेजाऱ्याच्या दारातलाही काढला. आत आलो तेव्हा ती ब्रश धूत होती आणि तिच्या हातातल्या ग्लासातलं पाणी सांडत होतं. मी पानाकडे पाहिलं. इडा थरथरत होती, केसांपासून पायांपर्यंत.

मी शाई झाकायच्या पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. "असू दे. मी यावर पांढरा लावतो आणि रेघ सरळ करून देतो. लाइलला कळणारही नाही."

"आईकडे बघ," वर्ना म्हणाली.

आईच्या खांद्यापासून झग्याच्या काठापर्यंत एकच रेघ होती. जाड सुरू होऊन बारीक होत गेलेली, कुठेही न थांबलेली, एका श्वासातली. तशी रेघ मी जन्मात कुणाची पाहिली नव्हती, तिचीही नाही. मी वाकून पुन्हा इडाकडे पाहिलं. प्रत्येक लाट शेजारच्या लाटेएवढी होती आणि डाग एकही नव्हता. मी बाटलीचं झाकण लावलं.

"तू हे मुद्दाम केलंस?"

"मग काय."

"अगं पण ती बरी झालीय. लस घेतलीय तिने."

"घेऊ दे की. आयुष्यभर थरथरली आणि नेमकं घरी जाताना तिने सरळ व्हायचं? का? नाहीतर आई दार उघडणार नाही?"

माझ्याच चित्राकडे मी पाहत राहिलो. शहरातल्या एकूण एक भिंतीतून गेलेली पोरगी, इथे मात्र दार वाजवून आईने ते उघडेपर्यंत थांबली होती. हे मीच काढलं होतं आणि मलाच आता दिसत होतं. डोळे भरून आले. वर्नाने ते पाहिलं आणि एकही टोमणा मारला नाही.

मी खालचं वाक्य खोडून टाकलं. "मग आई काय म्हणते?"

वर्ना माझ्यासाठी ताटली वाढत होती. तिच्या हातातला काटा ताटलीवर खडखडत होता.

"आईला काय म्हणायचं असतं? आत ये, जेवण गार होतंय."

आम्ही तेच छापलं.