घरच्या वालाचा लिफाफा

"आजी, यातलं बी मैं ले जाऊँ?" आपल्या हिंदीमिश्रित मराठीत विचारत नातीने जुना लिफाफा माझ्यापुढे धरला. राखेचा आणि वाळलेल्या वालाचा वास आला, आणि मी थेट लहानपणीच्या, माधवगंजातल्या आमच्या अंगणात पोचले.

आमचं संस्थान भारतात विलीन झालं, त्या वर्षीची गोष्ट. वडील दरबारच्या कचेरीत कारकून होते. संस्थानची मुद्रा छापलेले लिफाफे रद्दीत निघाले, तेव्हा त्यांनी साहेबांना विचारून एक गठ्ठा घरी आणला आणि फडताळात जपून ठेवला. एका दुपारी आई वेलावर राखलेल्या टपोऱ्या शेंगा सोलून बी राखेत घोळवत होती. ते भरायला तिने त्यातला एक लिफाफा उचलला.

"सरकारी आहे तो," वडील म्हणाले.

"कुठलं सरकार?" आईने सहज विचारलं.

वडिलांनी लिफाफा तिच्या हातून घेतला. मग दौत-टाक घेऊन बसले आणि मुद्रेच्या बरोबर खाली, कचेरीतल्या त्याच वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, 'वाल, घरचा.' संध्याकाळपर्यंत दोडका, भेंडी, वांगी, सगळ्यांचे लिफाफे तयार झाले. शेजारणी बी मागायला आल्या की वडील कचेरीचा कोट घालून बाहेर येत आणि बजावत, "बी न्या, लिफाफा परत आणा."

तेव्हा मला त्यांचं हसू यायचं. पण दरवर्षी नवं बी मी त्याच लिफाफ्यात भरत आले आहे, आणि त्या अक्षराची शाई अजून फिकी पडलेली नाही.

मी ताठ बसले आणि नातीला म्हटलं, "बी ने. लिफाफा परत आण."