निम्मा आकडा

तीन मार्चला अर्धसूत यांनी प्रशिक्षण केंद्राच्या खिडकीत चार हजार सातशे पन्नास भरले. नोटा दोनदा मोजल्या, पावती घडी न घालता पिशवीत ठेवली. आमचा कारखाना बंद पडून तेव्हा चौदा महिने झाले होते. मी तिथे लेखा विभागात होतो, ते लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या निम्म्याचा फरक ते लांबून नुसत्या नजरेने सांगत, म्हणून हे नाव. बत्तीस वर्षांत त्यांचा एक नग परत आला नाही.

शहराबाहेरच्या नव्या कारखान्यात संगणकावर चालणारे लेथ होते. प्रमाणपत्र असेल तर वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होईपर्यंत घेत. अर्धसूतांची पंचावन्न भरायला साडेतीन महिने होते. अभ्यासक्रम तीन महिन्यांचा.

वर्गात सगळ्यांत मोठे तेच. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या.

"काका, चाक शोधू नका. इथे चाकच नाही."

"मग हात ठेवू कुठे?"

"खिशात ठेवा."

त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, हल्ली घरात टीव्हीच्या रिमोटवरसुद्धा अभ्यास चालतो. बातम्या काही लागत नाहीत."

जुन्या लेथवर दांड्याची जाडी चार मिलिमीटरने कमी करायची तर हाताने चाक फिरवून हत्यार दोनच मिलिमीटर आत न्यायचे. दांडा फिरतो, सगळीकडून कापला जातो. हा निम्मा हिशेब त्यांच्या बोटांत मुरला होता. नवे यंत्र तो निम्मा स्वतःच करते. त्याला पूर्ण माप सांगायचे. मॅडमनी हे वीसदा सांगितले होते. अर्धसूतांनी वहीत लाल शाईने लिहूनही घेतले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा झाली. चाळीस मिलिमीटर जाडीचा दांडा करायचा होता. त्यांनी वीस टाकले. यंत्र करकरले आणि हत्यार मोडले.

"काका, निम्मे का टाकलेत?"

"बत्तीस वर्षं तेच बरोबर होतं, मॅडम."

फेरपरीक्षा सत्तावीस जूनला होती. त्यांची पंचावन्न वर्षे अठरा जूनलाच पूर्ण होत होती. फी नऊशे, ती मी दिली.

"आता बसून उपयोग काय?" मी विचारले.

"एकदा नीट करून बघतो. नाहीतर झोप लागायची नाही."

या वेळी दांडा बरोबर चाळीसचा झाला. प्रमाणपत्र घेऊन ते नव्या कारखान्यात गेले. कारकुनाने जन्मतारीख वाचली, कागद परत दिला आणि पंखा थोडा स्वतःकडे वळवला.

आता ते एका दुरुस्तीच्या दुकानात जुन्या लेथवर बसतात. काम असेल तेव्हाच बोलावतात, पगार नगावर. तिथे निम्मा आकडा चालतो. मात्र पूर्वीसारखे पटकन माप घेत नाहीत. हात चाकावर ठेवून जरा थांबतात.

नऊशेपैकी सातशे त्यांनी परत केले. दोनशे बाकी आहेत.